चाकांवरच्या घरावर छत्री
डिश फिटर आणि ऑटो इलेक्ट्रिशियन बंधूंसाठी एक उपयुक्त जोडकाम

छत्री बसवणाऱ्या कारागिरांच्या धंद्याने गेल्या पस्तीस वर्षांत बरीच वळणे पाहिली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहावरून थेट दिसू लागल्या आणि आपल्या देशात डिश अँटेनाचे पर्व सुरू झाले. त्या वेळच्या सी बँडच्या छत्र्या आठ-दहा फुटी असत. पुढे २००३ मध्ये खासगी डीटीएच आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली. छत्री दोन फुटांवर आली आणि घरोघरी पोहोचली. आता पुष्कळ लोक मोबाइलवरच कार्यक्रम पाहतात, त्यामुळे गच्चीवरचे काम कमी झाले अशी तक्रार बाजारात ऐकू येते.

तक्रार खोटी नाही. पण त्याच वेळी एक नवे काम दारात येत आहे, तिकडे आपले लक्ष हवे. ते काम म्हणजे मोटारहोम किंवा कॅराव्हॅन, अर्थात चाकांवरचे घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले. चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी लागणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन मुंबईत पूर्वीपासून आहेत. या गाड्यांची बॉडी बांधणे, गाद्या शिवणे, फर्निचर, वायरिंग, नळकाम ही सर्व कामे आपल्याच कारागिरांच्या हातची आहेत. टीव्ही बसवण्याचे काम मात्र अनेकदा "नंतर बघू" म्हणून राहते आणि मग कोणीतरी घरगुती छत्री छतावर चार स्क्रूंनी ठोकून देतो.

खरी अडचण अशी आहे की, गच्चीवर छत्री बसवणारा आकाश जाणतो. त्याला बॅटरीची सवय नसते. ऑटो इलेक्ट्रिशियन बॅटरी जाणतो. त्याला उपग्रहाची दिशा ठाऊक नसते. या कामाला दोन्ही विद्या लागतात. दोघांनी मिळून काम घेतले, किंवा एकाने दुसऱ्याकडून शिकून घेतले, तर ते नीट होते. चुकले तर छत गळते, रात्रीत बॅटरी उतरते, किंवा महामार्गावर छत्री उडून मागच्या गाडीवर जाते. म्हणजे प्रश्न केवळ चित्र दिसण्याचा नाही. गिऱ्हाइकाचा पैसा, रस्त्यावरच्या माणसाचा जीव आणि कारागिराचे नाव, तिन्ही यात गुंतलेले आहे.

आधी गिऱ्हाइकाला विचारा

माल दाखवण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गाडी कोठे कोठे जाणार? टीव्ही गाडी उभी असताना पाहायचा की चालतानाही? एका ठिकाणी मुक्काम एक रात्रीचा असतो की आठवड्याचा? आणि गाडीत टीव्ही एक आहे की दोन?

जो गिऱ्हाईक शहराजवळ आणि महामार्गालगतच थांबणार आहे, त्याला मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवणे पुरेसे आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे ॲप सुरू केले. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावरही दिसतात. पण सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत, धरणांच्या कडेला, कोकणातल्या आडवाटेच्या किनाऱ्यावर मोबाइलचे नेटवर्क दगा देते. तेथे उपग्रहच कामाचा. जुन्या काड्यांच्या अँटेनाचा आता भरवसा नाही, कारण दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर बहुतांश बंद झाले आहेत.

सेवेची निवडही आधीच करावी. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही आणि बॉक्स बाजारात सुटा मिळतो. वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला ती सोयीची. ज्यांना ठरावीक पैशाच्या वाहिन्या हव्यात त्यांनी खासगी सेवा घ्यावी. मात्र प्रत्येक सेवेचा उपग्रह वेगळा असतो. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत. सेवा बदलली की दिशा बदलते, म्हणून गिऱ्हाइकाचा निर्णय झाल्याशिवाय छतावर खुणा करू नयेत.

चार प्रकारचा माल

पहिला प्रकार तिवईवरची सुटी छत्री. साठ सेंटिमीटरची साधी छत्री, तीन पायांची तिवई, दहा-पंधरा मीटर केबल आणि मीटर. खर्च सर्वांत कमी, छताला भोक नाही. गाडी झाडाखाली सावलीत उभी करून छत्री उन्हात ठेवता येते, हा मोठा फायदा. तोटा एवढाच की प्रत्येक मुक्कामी दहा-पंधरा मिनिटे खटपट करावी लागते, आणि छत्री चोरीला जाण्याची किंवा वाऱ्याने पडण्याची भीती असते. तिवईच्या मध्यभागी पाण्याचा कॅन टांगला किंवा पायांना तंबूचे खुंटे ठोकले, तर ती पडत नाही.

दुसरा प्रकार छतावरची हाताने उचलायची छत्री. आतून दांडा किंवा हँडल फिरवून छत्री वर काढायची, दिशेला वळवायची आणि निघताना आडवी करायची. यात बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक भाग थोडे. गॅरेजमध्ये दुरुस्त होते.

तिसरा प्रकार आपोआप उघडणारी छत्री. बटण दाबले की मोटर छत्री उचलते, उपग्रह शोधते आणि थांबते. गाडीची चावी फिरवली की आपोआप मिटते. सोय मोठी, किंमतही मोठी.

चौथा प्रकार घुमट. आत लहान अँटेना सतत फिरून उपग्रहाचा माग घेते, म्हणून चालत्या गाडीतही चित्र दिसते. बोगदा किंवा उड्डाणपूल आला की चित्र जाते आणि नंतर पुन्हा येते. आतली अँटेना लहान असल्याने जोराच्या पावसात चित्र मोठ्या छत्रीपेक्षा लवकर तुटते. पावसाळ्यात महाबळेश्वर किंवा आंबोलीला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट विकण्याआधी सांगावी, नंतर नव्हे.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातला पुष्कळ माल युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठी बनतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी तीन खात्र्या करून घ्याव्यात. त्याच्या यादीत आपला उपग्रह आहे का किंवा घालता येतो का? त्याची छत्री आपल्याला लागते तेवढी उभी, म्हणजे सत्तर अंशांपर्यंत वर पाहू शकते का? आणि एलएनबी आपोआप तिरपी होते का? या तिन्हींचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

नफ्याचा विचार केला तर घुमटात सर्वांत जास्त सुटते. पण ज्याचे काम तिवईने भागते त्याला घुमट विकला, तर तो गिऱ्हाईक एकदाच येतो. त्याला योग्य माल दिला, तर तो चार जणांना पाठवतो.

दिशेचा हिशेब

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून ते आकाशात एका जागी स्थिर वाटतात. पण आपण जागा बदलली की आपल्याला दिसणारा कोन बदलतो. घरच्या छत्रीला ही अडचण नाही. चाकांवरच्या घराला ती रोजची आहे. ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी गणिताने येणारे कोन पुढे दिले आहेत. दिशेचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचा, उंचीचा कोन क्षितिजापासून.

मुंबई: दिशा १३१, उंची ५७.५, एलएनबीचा तिरपेपणा सुमारे ४५ अंश.
पुणे: दिशा १३२, उंची ५९, तिरपेपणा सुमारे ४५.
नागपूर: दिशा १४४.५, उंची ६०, तिरपेपणा सुमारे ३३.
श्रीनगर: दिशा १४९, उंची ४५.५, तिरपेपणा सुमारे २५.
कन्याकुमारी: दिशा ११६, उंची ६९, तिरपेपणा सुमारे ६३.

हे आकडे कागदावर छापून गाडीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून द्यावेत. गिऱ्हाईक दुवा देईल.

साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत साधारण तीन अंश रुंद असतो. म्हणजे नेमक्या दिशेपासून दीड अंश सरकले की सिग्नल निम्मा होतो. मोठी छत्री जास्त सिग्नल घेते पण नेम अधिक अचूक मागते; लहान छत्री नेमाला सोपी पण पावसात कच्ची. आपल्या भागासाठी साठ सेंटिमीटर हा मधला मार्ग ठीक आहे.

होकायंत्र गाडीपासून चार पावले दूर उभे राहून पाहावे. लोखंडी बॉडीजवळ सुई खोटे सांगते. मोबाइलचे होकायंत्रही गाडीत बसून पाहू नये. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, तो सोडून दिला तरी चालतो. छत्री घरगुती ऑफसेट प्रकारची असेल तर तिचा पत्रा दिसतो त्यापेक्षा ती वीस-पंचवीस अंश जास्त वर पाहत असते. म्हणून पत्र्यावर नव्हे, मागच्या क्लॅम्पच्या मापावर भरवसा ठेवावा. गाडी उतारावर तीन अंश कलली असेल, तर छतावरच्या छत्रीचे मापही तीन अंशांनी चुकते. त्यासाठी गाडी आधी लेव्हल करावी.

गच्चीवर काम करणाऱ्यांना एलएनबी तिरपी असते हे डोळ्याने ठाऊक असते. कारण ठाऊक असेलच असे नाही. उपग्रहावरून लहरी आडव्या आणि उभ्या अशा दोन प्रकारे येतात. पृथ्वी गोल असल्याने आपल्याकडे त्या कललेल्या पोहोचतात. उपग्रह आपल्या आग्नेयेला असल्याने, छत्रीच्या मागे उभे राहून आकाशाकडे पाहताना एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावी लागते. पुण्याला एलएनबी सरळच ठेवली तर दोन्ही लहरी सारख्याच मिसळतात आणि छत्रीची दिशा बरोबर असूनही बॉक्सवर काही उमटत नाही. वर दिलेले अंश सुरुवातीसाठी आहेत. शेवटचा हात मीटरवरचा गुणवत्तेचा आकडा पाहून मारावा.

गाडी कोठे उभी करावी हेही शिकवावे. या लहरी पाने आणि फांद्यांतून नीट जात नाहीत. पुण्यात उपग्रह ५९ अंश उंच असल्याने, छत्रीपेक्षा दहा मीटर उंच झाड आग्नेयेला सहा मीटरच्या पलीकडे असेल तर आड येत नाही. श्रीनगरला तेच झाड दहा मीटर दूर हवे. लंडनमध्ये तिकडच्या उपग्रहाचा कोन फक्त पंचवीस अंशांच्या आसपास असतो, तेथे हे अंतर वीस मीटरच्या पुढे जाते. म्हणून इंग्रजी पुस्तकांतली झाडांविषयीची भीती आपल्याकडे निम्मीही लागू नाही.

छताचे काम

छताला भोक पाडण्यापूर्वी आतून फ्रेम कोठे आहे ते शोधावे. नुसत्या फायबरच्या किंवा पातळ पत्र्याच्या छतावर स्क्रू मारलेली छत्री आज ना उद्या सुटणार. पाया फ्रेमच्या पट्टीवर यावा. तसे शक्य नसेल तर आतून धातूची पट्टी लावून आरपार बोल्ट घ्यावेत आणि नायलॉक नट लावावेत.

८० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीवर साठ सेंटिमीटरची छत्री उभी राहिली, तर तिच्यावर साधारण दहा किलो वजनाएवढा वाऱ्याचा जोर सतत येतो. रस्त्याचे धक्के वेगळे. म्हणून हाताने उचलायच्या छत्रीला छोटा लिमिट स्विच बसवून चालकासमोर लाल दिवा किंवा भोंगा जोडून द्यावा. छत्री वर असताना चावी फिरली की तो वाजलाच पाहिजे. हे शेदोनशे रुपयांचे काम मोठा अपघात टाळते. आपोआप मिटणाऱ्या छत्रीची इग्निशनची तारही न चुकता जोडावी.

सांधे भरण्यासाठी पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन धातूला गंज आणते, ते टाळावे. पत्र्याच्या भोकाची कडा आधी प्रायमरने रंगवावी. केबल आत घेताना पाणबंद ग्लँड लावावा आणि त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावे, म्हणजे पुढून येणारे पाणी आत रेटले जात नाही. केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, पाणी तेथूनच ठिबकते. छत्री उघडताना सोलर पॅनेल, एसी किंवा छताच्या झरोक्याला लागणार नाही, आणि मिटल्यावर पॅनेलवर सावली पडणार नाही, हे पुठ्ठ्याचा गोल कापून आधीच पाहून घ्यावे.

केबल आरजी-६ प्रतीची, ७५ ओहमची घ्यावी. तीक्ष्ण वळण देऊ नये. दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांची एलएनबी आणि दोन केबली घ्याव्यात. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला कोणती लहर हवी ते सांगतो. स्प्लिटर लावून दोन बॉक्स एकाच केबलवर जोडले तर दोघांचे हुकूम एकमेकांत अडकतात.

विजेचे काम

हिशेब सोपा आहे. २४ इंची एलईडी टीव्ही सुमारे ३० वॉट, बॉक्स आणि एलएनबी मिळून १२ वॉट धरले तर एकूण ४२ वॉट. बारा व्होल्टवर हे साडेतीन अँपिअर झाले. रात्री चार तास टीव्ही पाहिला तर १४ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ५० मिळतात. त्यातून दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप वजा केले की दोन रात्रींची बेगमी होते. प्रत्यक्ष टीव्हीच्या मागचा आकडा वाचून हा हिशेब गिऱ्हाइकासमोर मांडावा.

टीव्हीची वीज इंजिन चालू करणाऱ्या बॅटरीवरून कधीही घेऊ नये. घरासाठी वेगळी बॅटरी आणि दोन्हींमध्ये रिले किंवा आयसोलेटर हवा. नाहीतर सकाळी गाडी ढकलायची वेळ येते, आणि ती घाटात आली तर हसू नव्हे, संकट असते.

मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांत २४ व्होल्ट असतात. त्यासाठी दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. काही जण त्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्ट ओढतात. त्याने एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावणे हाच योग्य मार्ग.

गाडीचे 'बारा व्होल्ट' कधी बारा नसतात. बॅटरी उतरली की अकराच्या आसपास, इंजिन चालू असताना चौदाच्या वर. घरगुती टीव्हीच्या १२ व्होल्टच्या पिनेत ही वीज थेट दिली तर तो जळू शकतो. मधे स्थिर व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर लावावा. इन्व्हर्टरने २३० व्होल्ट करून पुन्हा ॲडॉप्टरने १२ करण्यात वीज फुकट जाते.

तार बारीक घेण्याची बचत महाग पडते. पाच मीटर अंतरावर, जाऊन-येऊन दहा मीटर, पाच अँपिअरसाठी एक चौरस मिलिमीटर तांब्याची तार घेतली तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात; अडीचची घेतली तर ०.३५. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ असावा, टीव्हीजवळ नव्हे. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट हवाच. गाडीतील आगीचे मूळ बहुधा अशाच घासलेल्या तारेत असते.

कागद आणि कायदा

वाहनाच्या नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असे फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ बंधन घालते. छतावर वजन आणि उंची वाढवणारे मोठे साधन बसवण्यापूर्वी मालकाने आरटीओ कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला कळवावे, असे आपण बिलावरच लिहून द्यावे. नवी उंची मोजून चालकासमोर चिकटवावी. पेट्रोल पंपाचे छप्पर आणि रेल्वेखालचे बोगदे कोणाची गय करत नाहीत. टीव्हीचा पडदा चालकाच्या नजरेत येईल असा बसवू नये. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी नाही म्हणावे.

गाडी ताब्यात देताना

काम झाल्यावर पाइपने पंधरा मिनिटे छतावर पाणी सोडून आत हात फिरवून पाहावा. मग गाडी खराब रस्त्यावरून दहा किलोमीटर चालवून आणावी, बोल्ट पुन्हा कसावेत आणि छत्री उघडून चित्र लावून दाखवावे. टीव्ही चालू असताना किती अँपिअर जातात ते मोजून बिलावर लिहावे. पुढे बॅटरीची तक्रार आली तर वाद राहत नाही. शेवटी गिऱ्हाइकाकडूनच एकदा छत्री लावून-काढून घ्यावी. ज्याने स्वतःच्या हाताने एकदा केले, तो रात्री अकरा वाजता फोन करत नाही.

बिलात माल, मजुरी आणि हमी वेगवेगळी लिहावी. मालाची हमी कंपनीची, पण छत गळण्याची आणि वायरिंगची हमी आपली. निदान एक पावसाळा तरी ती द्यावी. बाजारात पन्नास जण छत्री बसवून देतील. आपल्या बसवलेल्या छत्रीखाली पाणी गळणार नाही असे लिहून देणारे थोडे असतील. ते काम शिकून घेतलेल्या दोन कारागिरांनी, एकाने आकाश आणि दुसऱ्याने बॅटरी सांभाळून, एकत्र दुकान मांडले तर त्यांना कामाची वाट पाहावी लागणार नाही.